मेजरच्या हिरड्या

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. "नव्हता" असं लिहितानाही मला जरा लाजच वाटतेय, कारण आमच्या घरात हा विषयच बाद होता. आजोबांनी इथे नागपुरातच धम्मदीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून घरातून अंगारे, धुपारे, दृष्ट काढणं सगळं हद्दपार झालं. लहानपणी शेजारच्या मुली पिंपळावरच्या बाईच्या गोष्टी सांगायच्या. मी घाबरून घरी आले की आई म्हणायची, "पिंपळाखाली बुद्धाले ज्ञान भेटलं, अन् तुले भूत काहून भेटते?" विषय संपला!

त्यात मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. रिपोर्टमध्ये जे येतं ते खरं, बाकी लोकांचं बोलणं – अशी माझी सवय. त्यामुळे पुढचं जे लिहितेय त्यावर तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलेच असते.

आम्ही मानेवाडा रोडच्या आतल्या एका लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, राहतो. मी, माझा नवरा मिलिंद आणि मेजर. मेजर म्हणजे आमचा कुत्रा, अर्धा अल्सेशियन आणि अर्धा देवाला – म्हणजे कुणालाच – ठाऊक नाही. उंच, खोल छातीचा, आणि चेहरा असा की कायम आपल्याच घराची चौकशी करायला आलाय. बाबा गेले त्या वर्षी आईने त्याला आणलं. एवढासा होता, कापसाच्या बोळ्याने दूध पाजून तिने तो वाढवला. झोपायचा तिच्याच खाटेखाली. ती खोकली तर हा उठून बसायचा.

मग धाकट्या भावाला, प्रदीपला, मुलगी झाली. त्याची नोकरी भिवापूरला, बायकोचीही. बाळाला सांभाळायला आई तिकडे गेली आणि मेजर आमच्याकडे राहिला. प्रदीपच्या भाड्याच्या घरात कुत्रा चालणार नव्हता. आईने जाताना काही आरडाओरडा केला नाही, पण रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि मला फोन मेजरच्या कानाला लावावा लागायचा. काय बोलायची देव जाणे. हा शेपूट हलवायचा आणि मी आपली ताटकळत उभी!

तर, बुद्ध पौर्णिमेचा दुसरा दिवस. रविवार होता. विहारातल्या भोजनदानातून उरलेला भात आणि वरण मिलिंदने घरी आणलं होतं. सकाळी त्याने त्यातलं मोठं टोपभर मेजरला वाढलं. मेजरने ते सगळं फस्त केलं, वर बादलीतलं पाणी ढोसलं, आणि तेवढ्यात टेरेसवर वानरं आली. झालं! अर्धा तास हा जिन्याने वर-खाली पळत होता. आम्ही दोघं हसत होतो.

बाराच्या सुमारास मला तो विचित्र वाटला. बसत नव्हता. बसला की लगेच उठायचा. पुढचे पाय ताणून वाकायचा, पुन्हा उभा राहायचा. जीभ बाहेर, लाळ गळतेय. मान वळवून आपल्याच डाव्या कुशीकडे बघायचा, जणू तिथे कुणी बोट लावलंय.

आता नागपुरात मे महिन्यात कुणालाही काहीही झालं, तर निदान एकच – ऊन लागलं. डोकं दुखलं, ऊन लागलं. उलटी झाली, ऊन लागलं. माणूस चिडला तरी ऊन लागलं. शेजारच्या पात्रेकाकूंनी गेटवरूनच पाहिलं आणि सांगितलं, "अवं रजनी, लू लागली त्याले. कांदा किस अन् रस तळव्याले चोळ. माह्या पोराले दर वर्षी तेच करतो मी."

मीही केलं! लॅबमध्ये काम करणारी बाई मी, पण हातात किसणी घेऊन बसले. मेजरच्या चारही पंजांना कांद्याचा रस चोळला. ओलं पोतं अंगावर टाकलं. कूलरची खस नीट भिजवली, पडदे ओढले, पुढच्या खोलीत त्याला कूलरसमोर निजवलं. वाडग्यात कैरीचं पन्हं ठेवलं. त्याने त्याचा वाससुद्धा घेतला नाही. मिलिंद म्हणाला, "पडू दे थंडाव्यात. चार वाजेपर्यंत बरा होते."

बाहेर टळटळीत दुपार. लेआऊटच्या रस्त्यावर माणूस नाही, पक्षी नाही. नुसता कूलरचा आवाज.

आणि प्रदीपचा फोन आला.

"ताई, आईले काहीतरी झालं. लय बेकार करून राहिली."

मी फोन स्पीकरवर टाकला, मिलिंदही आतून आला.

"काय झालं? नीट सांग."

"बसताच नाही येऊन राहिलं तिले. बसली का उठते. वाकते, पुन्हा उभी राहते. उलटी आल्यासारखी करते पण पडत काही नाही, नुसता फेस. तोंडातून लाळ गळून राहिली. अन् सारखी डाव्या बाजूले पाहते, म्हणते हे इथं, हे इथं."

मी हे ऐकत होते आणि माझ्या समोर मेजर उठला. वाकला. पुन्हा उभा राहिला. मान वळवून डाव्या कुशीकडे पाहिलं. मला वाटलं, हा फोनमधला आवाज ओळखून करतोय का? पण प्रदीप तर आता बोलतोय, हा मघापासून हेच करतोय.

मग ते झालं, जे मी आजही लिहिताना एकदा मागे वळून बघते. मेजरने मान पुढे काढली, तोंड मोठं उघडलं, पोट आत ओढलं – उमासा यावा तसं. पण त्याच्या तोंडातून आवाज नाही. काहीच नाही. आवाज फोनमधून आला. "ह्हॉक... ह्हॉक..." आईचा. मेजरचं तोंड मिटलं, फोनमधला आवाज थांबला. पुन्हा त्याने तोंड उघडलं. पुन्हा फोनमधून, "ह्हॉक..."

मी मिलिंदकडे पाहिलं. तो मेजरकडे बघत नव्हता, फोनकडे बघत होता. म्हणजे हे फक्त मी पाहिलं. तेवढं प्रामाणिकपणे सांगते.

"डॉक्टरला दाखवलं?" मिलिंदने विचारलं.

"दाखवलं ना भाऊजी. इथल्या डॉक्टरनं पाहिलं. नाडी लय पळून राहिली म्हणे, ओठ पांढरे पडले. आई म्हणते पोट फुगून फुटून राहिलं, अन् डॉक्टर हात लावते तं पोट नरम! त्याले काही समजलं नाही. म्हणे नागपूरले घेऊन जा. मी निघून राहिलो गाडी घेऊन."

तेवढ्यात आईनेच फोन हिसकावला असावा. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"रजनी... हवा आत जाते वं, बाहेर नाही येऊन राहिली. कोणी दार लावलं आतून... अन् माह्या तळव्याले कायचा रस चोळला वं? चुनचुन होऊन राहिली. कांद्याचा वास येऊन राहिला मले."

मागून प्रदीप म्हणत होता, "आई, कोणी काही नाही लावलं वं तुले. घरात कांदा कापलाच नाही आज."

मी माझे हात पाहिले. बोटांना कांद्याचा वास होता. तो वास अंगभर पसरल्यासारखा वाटला आणि मी गुडघ्यावर बसले. मेजरचं ओलं पोतं बाजूला केलं. इतका वेळ पोत्याखाली मी पाहिलंच नव्हतं – त्याची डावी बाजू बरगडीमागे टम्म वर आली होती. बोटाने टिचकी मारली. पोकळ आवाज आला, आतून रिकाम्या पिंपासारखा. मग वरचा ओठ उचलला. मेजरच्या हिरड्या एरवी गुलाबी, कुठे कुठे काळे डाग. आता पांढऱ्या. रक्त नसलेल्या. मी रोज रक्त हाताळते, रक्त नसणं कसं दिसतं ते मला कळतं.

"मिलिंद, गाडी काढा. ह्याला दवाखान्यात न्यायचंय."

"कोणाले?"

"मेजरला."

त्याने फोनकडे बोट केलं. "आई येऊन राहिली तिकडून, तिच्यासाठी हॉस्पिटलात बोलायचं आहे, अन् तू कुत्र्याले घेऊन चालली?"

त्याचं चूक नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच बोलले असते, आणि जास्त मोठ्याने. मी काय सांगणार होते? की आईचं दुखणं आईच्या पोटात नाही, इथे आपल्या कूलरसमोर पडलंय? मी फक्त म्हणाले, "आईला पोचायला वेळ आहे. ह्याला वेळ नाही. चादर आणा." माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने वाद घातला नाही. चादरीची झोळी करून आम्ही मेजरला मागच्या सीटवर टाकलं. हॉस्पिटलला फोन मी गाडीतूनच केला.

प्राण्यांचा दवाखाना दुपारी बंद असेल अशी भीती होती, पण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी मेजरचा ओठ उचलला, पोटावर टिचकी मारली, आणि लगेच टेबल मोकळं करायला सांगितलं.

"पोट फुगून पिळलंय याचं. वरून पण बंद, खालून पण बंद. कधीपासून?"

"बारापासून... आम्हाला वाटलं ऊन लागलं."

"ऊन लागलं की हिरड्या बहुतेक लालभडक होतात, अशा पांढऱ्या नाही. अन् उलटीसाठी धडपडतो पण पडत काही नाही, पोट टम्म – हे दिसलं की घरी थांबायचं नाही. थांबूच नका. चारपर्यंत ठेवला असता तर तुम्ही मला फक्त दाखवायला आणला असता." मग त्यांनी नाक वर केलं. "हा कांद्याचा वास कसला?"

मी सांगितलं. त्या पुटपुटत पंजे धुवायला लागल्या. "चाटला असता तर कांदा विष आहे त्याला. माणसाचे उपाय माणसांवर करा ना!"

त्यांनी डाव्या बाजूचे केस भादरले, जाड सुई घेतली आणि टोचली. फस्सकन हवा सुटली. घाण वास. मेजरची मान टेबलावर सैल पडली, पण डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडे बघत होता.

माझा फोन वाजला. प्रदीप.

"ताई, काय सांगू तुले! उमरेडजवळ आलो अन् आईनं एवढा मोठा ढेकर देला, का मीच दचकलो. म्हणते सुटलं. म्हणते चहा पाहिजे. थांबवू का गाडी?"

मला खाली बसावं लागलं. दवाखान्याच्या फरशीवर, तशीच. मिलिंदने पाणी आणलं. त्याला वाटलं आईच्या काळजीने चक्कर आली. काळजी होतीच, पण आता ती वेगळीच झाली होती. कारण डॉक्टर मॅडम म्हणत होत्या, "ही फक्त हवा काढली. पोट पुन्हा पिळेल. ऑपरेशन करावं लागेल आत्ता. वय झालंय, गॅरंटी मी देणार नाही."

मी सही केली. आणि एकच विचार डोक्यात – हा टेबलावर गेला, तर तिकडे आईचं काय होईल? हे कुणाला विचारणार? डॉक्टरला? मिलिंदला? मी बाकावर जाऊन बसले. मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होते, आणि ते असल्या कामासाठी म्हणत नाहीत हेही मला माहीत होतं.

मिलिंदला मी हॉस्पिटलात पाठवलं. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. ईसीजी ठीक. सोनोग्राफी ठीक. रक्त ठीक. "पण झोपली आहे गं. बोलता बोलता झोपली. हलवून राहिलो तरी उठून नाही राहिली. डॉक्टर म्हणते थकवा आहे. मले काही समजून नाही राहिलं."

काचेच्या दरवाजातून मला मेजर दिसत होता. भुलीखाली, चारही पाय सैल. मी मिलिंदला एवढंच म्हणाले, "झोपू द्या. तिच्याजवळ बसा. हात सोडू नका."

ऑपरेशन बराच वेळ चाललं. मग मॅडम बाहेर आल्या, हातमोजे काढत. "वेळेत आणला. शुद्धीवर येतोय." मी आत गेले. मेजरने एक डोळा उघडला, जीभ ओठांवरून फिरवली. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि ढसाढसा रडले. तेवढ्यात फोन वाजला. मी उचलायच्या आधीच मला माहीत होतं.

"उठली," मिलिंद म्हणाला. "पाणी मागून राहिली. अन् रजनी... ती विचारते, मेजऱ्या कसा आहे? तू सांगितलं का तिले?"

मी सांगितलं नव्हतं. प्रदीपलाही नाही. मिलिंद म्हणतो त्यानेही नाही.

नंतर आम्ही पुष्कळ डोकं लावलं. मिलिंदचं म्हणणं, योगायोग. तळव्याची चुनचुन? भिवापूर म्हणजे मिरचीचं गाव, घरात कुठेतरी मिरचीपूड सांडली असेल, पायाखाली आली असेल. बरं, मग कांद्याचा वास? म्हातारपण. आणि फोनमधला आवाज? तो तर मी एकटीनेच "पाहिला", त्याला काय उत्तर देणार! प्रदीप म्हणतो आईला गॅस झाला असेल. आईला विचारलं तर ती चिडते. "असलं काही नसते वं. तू शिकली-सवरली बाई, कायले फालतू बोलून राहिली?" आणि बोलताना तिचा हात डाव्या कुशीवर असतो.

मीही ते योगायोगाच्या खात्यात टाकलं असतं. खरंच टाकलं असतं.

पण त्याच वर्षी डिसेंबरात, थंडीच्या एका सकाळी, मी मेजरला पोळी घालत होते. घास त्याच्या तोंडातून डाव्या बाजूने खाली पडला. पुन्हा घातला, पुन्हा पडला. तो उठला तर पुढचा डावा पाय घासत चालला. मिलिंद म्हणाला, "चल, मॅडमकडे नेऊ." मी गाडीची किल्ली खाली ठेवली आणि भिवापूरला फोन लावला.

"प्रदीप, आई काय करतेय?"

"बसली आहे बाहेर उन्हात. काहून?"

"तिला हसायला सांग."

"काय?"

"हसायला सांग तिला! आत्ता! मला काही विचारत बसू नको, जा."

फोनमधून चपलांचा आवाज, दाराचा आवाज. मग प्रदीपचा: "आई, हस ना वं जरा. ताई म्हणते." मग तो धावत आला आणि त्याचा आवाज फाटला होता. "ताई, एकाच बाजूनं हसून राहिली."

नागपूरला आणलं तेव्हाही वेळ हातात होता. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत बसलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या भावाने फार लवकर ओळखलं. प्रदीपने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. संध्याकाळी मेजरला मॅडमकडे नेलं. त्यांनी पाय, तोंड, डोळे सगळं तपासलं आणि म्हणाल्या, याला काहीच झालेलं नाही. खरंच, तो तोवर नीट चालत होता.

आई आता आमच्याकडेच असते. मेजर पुन्हा तिच्या खाटेखाली झोपतो. हात थोडा कमजोर आहे तिचा, बाकी जीभ शाबूत आहे, पात्रेकाकूंना कांद्यावरून ती अजून सोडत नाही.

मला यातलं काहीही समजावून सांगता येत नाही. लॅबमध्ये यासाठी कुठली तपासणी नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, पण "प्रेमाची ताकद" वगैरे नका सांगू. प्रेमाला मी घाबरत नाही. मी घाबरते ते दुसऱ्या गोष्टीला. मेजरच्या तोंडावरचे केस आता पांढरे होत चाललेत. मोठ्या अंगाची कुत्री फार वर्षं जगत नाहीत, असं मॅडमनी मागच्या वेळी हळूच सांगितलं. मिलिंद तिथेच होता, पण त्याने घरी येऊन तो विषय काढला नाही. मीही नाही. आईला आम्ही ते सांगितलेलं नाही.

रोज सकाळी चहाआधी मी खाटेपाशी बसते, मेजरचा ओठ वर करते आणि हिरड्या बघते. गुलाबी असतात. आई वरून बघत असते. मी हात धुवायला उठणार, तेवढ्यात ती काही न बोलता खाली वाकते, आपला ओठ बोटाने वर करते आणि तोंड माझ्यापुढे आणते.

"आता माह्या पाह्य," म्हणते.